खुर्चीतल्या नोटा

"एवढ्या वेळात एका सोफ्याचं पोट शिवून झालं असतं," गादीवाला बायकोच्या मानेमागे पुटपुटला. "आणि तो पुढचा बघ. नोटा मोजतोय की त्यांचे लाड करतोय?"

"हळू बोला."

"हळूच बोलतोय. मोठ्याने बोललो असतो तर एव्हाना नंबर लागला असता."

पैसे बदलून देणाऱ्या त्या ऑफिसात जागा अशी नव्हतीच. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काच, आणि मधल्या फटीत माणसं एकमेकांच्या खांद्यावर श्वास सोडत उभी. धाकटीने पिशवी पोटाशी धरली होती. पिशवीत उशीचा अभ्रा, अभ्र्यात पाकीट आणि पाकिटात परदेशी नोटा. तिच्या थोरल्या भावाने आईला भेट दिलेल्या. त्या इथे बदलायच्या आणि आलेल्या पैशातून आईसाठी कानाचं मशीन घ्यायचं, एवढंच आजचं काम होतं. तेवढ्यासाठी गादीवाल्याने दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं होतं आणि ते तो रांगेतल्या प्रत्येक माणसाला न सांगता ऐकवत होता.

गादीवाला म्हणजे तिचा नवरा. सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा, जे जे बसून बसून फाटतं ते सगळं तो दुरुस्त करायचा. गल्लीने त्याला ते नाव दिलं होतं, आणि बायकोही रागावली की तेच वापरायची. ती स्वतः त्याच दुकानासाठी जाड कापडाच्या खोळी शिवायची. पन्नाशी उलटली, केस पांढरे झाले, तरी ती धाकटीच राहिली होती, कारण थोरला होता. म्हणजे तसा तो नव्हता. कित्येक वर्षं तो परदेशातच होता. पण थोरलेपणाला हजेरी लागत नाही.

मागच्या वर्षी तो आला होता. आठवडाभर राहिला. तो धाकटीच्या आणि गादीवाल्याच्या खोलीत झोपला आणि ती दोघं खाली दुकानात, फोमच्या लाद्यांवर. "तुम्ही नशीबवान," थोरला म्हणाला होता, "मला तिकडे इतका मऊ बिछाना मिळत नाही." निघायच्या दिवशी मावशी, मामा, मामेभाऊ, शेजारी असे सगळे जमलेले असताना त्याने खिशातून जाड पाकीट काढलं आणि आईच्या हातात ठेवून तिची बोटं त्यावर मिटवली.

"कानाला मशीन घे. चांगलं घे. पैशाकडे बघू नकोस."

आईला अर्धंच ऐकू आलं, पण पाकीट पूर्ण दिसलं. मावशीने डोळ्याला पदर लावला. मामा म्हणाले, मुलगा असावा तर असा. आणि आईने सगळ्यांच्या डोक्यांवरून धाकटीकडे पाहिलं, परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाची आई शेजारणीच्या मुलाकडे पाहते तसं.

जिना उतरताना थोरल्याने सांगितलं होतं, "लगेच बदलू नका हां. तिकडचा भाव वाढतोय. थोडं थांबलात तर फायदा होईल."

झालं. आईच्या डोक्यात तो फायदा घर करून बसला. ऐकू येणं कमी होत गेलं, पण ती काही पाकीट उघडू देईना. पुन्हा ते ठेवायचं कुठे, हाही प्रश्न होता. कपाटावर तिचा भरवसा नव्हता. "घरात माणसं असतात," ती म्हणायची. घरात माणसं म्हणजे तिच्याखेरीज दोनच होती, आणि त्यातली एक तिची मुलगी होती, तेव्हा हे कोणाला लागणार ते उघड होतं.

शेवटी गादीवाल्यानेच वैतागून तिची रोजची खुर्ची दुकानात नेली, तळाचं कापड उसवलं, पट्ट्या आणि फोम यांच्यामध्ये पाकीट सरकवलं आणि पुन्हा शिवून टाकलं. "घ्या," तो म्हणाला, "आता चोराला आधी तुम्हाला उचलावं लागेल."

आईला ही कल्पना फार आवडली. कोणी आलं की ती खुर्चीच्या कडेवर थापटी मारायची आणि बहिऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात सांगायची, "मी लेकाच्या पैशांवर बसलेय." आलेला माणूस हसायचा. धाकटी पाणी आणायला आत जायची.

मग मागच्या महिन्यात रस्ता ओलांडताना मागून आलेली गाडी आईला ऐकूच आली नाही. गाडीचा आरसा कोपराला घासून गेला, पुढे काही झालं नाही, पण आई घाबरली. घरी येऊन उभीच राहिली, आणि खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाली, "उसवा."

म्हणून आज ती दोघं या फटीत उभी होती.

काचेमागची मुलगी चटपटीत होती. तिने पाकीट घेतलं, नोटा पसरल्या, एक उचलून अंगठ्याने चोळली. नोटा मोजायच्या यंत्रात मात्र एकही घातली नाही.

"या कागदी आहेत," ती म्हणाली.

"नोटा कागदीच असतात ना, मॅडम," गादीवाला म्हणाला.

"तिकडे आता प्लास्टिकच्या असतात. या जुन्या. बंद झाल्यात."

"आम्हीच जरा उशीर केला," धाकटी घाईघाईने म्हणाली. "भाव वाढायची वाट बघत होतो. मागच्या वर्षीच आल्या होत्या."

मुलीने समोरचा स्क्रीन थोडा त्यांच्याकडे वळवला आणि एका ओळीवर पेन ठेवलं. "नाही ताई. मागच्या वर्षी पण बंदच होत्या. त्याच्या बऱ्याच आधी. बँकेत भरायला मुदत दिली होती त्यांनी, ती पण संपली. आता त्या तिथे राहणाऱ्या माणसाकडून पण कोणी घेत नाही."

"म्हणजे काहीच नाही मिळणार?"

"काही लोक छंद म्हणून जमवतात. पण त्यांना एक लागते. एवढ्या सारख्या घेऊन कोण काय करणार?" तिने नोटांच्या कडा नीट जुळवून त्या पाकिटात घातल्या. तिला बहुतेक वाईट वाटलं असावं, कारण तिने विचारलं, "कोणाकडून आल्या?"

"भेट आल्यात," धाकटी म्हणाली.

"अच्छा," मुलगी म्हणाली.

त्या एका अच्छात जे काय होतं ते धाकटीने पाकिटाबरोबर पिशवीत भरलं आणि ती बाजूला झाली. मागचा माणूस लगेच तिच्या जागेवर सरकला.

तरी ती दोघं बँकेत गेलीच. तेच वाक्य चष्मा लावलेल्या माणसाकडून ऐकल्याशिवाय खरं वाटत नाही. चष्मेवाल्याने तेच सांगितलं, फक्त जास्त वेळ घेऊन, आणि त्यांना बसायला खुर्ची दिली. गादीवाल्याने सवयीने खुर्चीची सीट दाबून बघितली.

बँकेच्या पायऱ्यांवर ती दोघं थांबली.

"त्याच्या लक्षात आलं नसेल," धाकटी म्हणाली.

गादीवाला अंगठ्यावर वाळलेला गोंद नखाने खरवडत होता. "नसेल."

"कुठेतरी पडून राहिल्या असतील. निघताना हाताला लागल्या, दिल्या."

"हो."

"भाव वाढतोय म्हणाला तेही आपल्या भल्यासाठीच म्हणाला असेल."

"हो."

"नुसतं हो हो काय करताय?"

"मग काय करू? तू सांग काय बोलायचं ते. तेच बोलतो."

थोरला तिकडच्या एका मोठ्या दुकानात गल्ल्यांवर देखरेख करायचा. गल्ल्यावर बसणाऱ्या पोरांना नोटा कशा पारखायच्या ते तोच शिकवायचा. हे सगळ्या नातेवाइकांना पाठ होतं, कारण आईने ते सगळ्यांना पाठ करायला लावलं होतं. "नोट नुसती बोटाला लागू दे, खरी का खोटी ते माझा मुलगा डोळे मिटून सांगतो." धाकटीला पायरीवर उभं राहून ते वाक्य आईच्या आवाजात ऐकू येत होतं. गादीवाल्यालाही येत असणार. तो अंगठा आणखी जोरात खरवडू लागला.

"आईला सांगायचं नाही," ती म्हणाली.

"आणि मशीन?"

"आणायचं."

"कशातून?"

तिने उजवं मनगट चोळलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं. जाड रेक्झिन आणि चामडं शिवायला एक भारी शिलाई मशीन घ्यायचं म्हणून ती किती वर्षं पैसे बाजूला टाकत होती. हलक्या मशीनवर जाड माल ढकलून ढकलून तिचं उजवं मनगट कामातून गेलं होतं. सकाळी पट्टा बांधल्याशिवाय कात्री उचलत नव्हतं.

"तुझं मनगट?"

"मनगट काय पळून जातंय."

"म्हणजे पैसे तुझे आणि नाव त्याचं." गादीवाला पायऱ्या उतरू लागला. "झकास धंदा आहे हा. उगाच सोफ्यात आयुष्य घालवलं मी."

यावरून कोणाला वाटेल की धाकटी फार चांगली बाई होती. तसं काही नव्हतं. एक तर नोटांचं खरं सांगितलं असतं तर आई काय म्हणाली असती ते तिला ठाऊक होतं. "तुला त्याचं काही बघवतच नाही." हे वाक्य तिने शाळेत असल्यापासून ऐकलं होतं. आणि दुसरी गोष्ट ती नवऱ्यालासुद्धा सांगणार नव्हती. लहानपणी एकदा दोघं भावंडं एकाच वेळी तापाने फणफणली होती. आई थोरल्याच्या उशाशी बसली आणि तिला म्हणाली, तू समजूतदार आहेस ना, पड तिकडे. तेव्हापासून ती समजूतदार होती. नवीन ताटाला किमतीची चिठ्ठी चिकटते आणि घासून घासून निघत नाही तसा तो शब्द तिला चिकटला होता. पण कधी तरी, कुठून तरी, आईला कळेल की मशीन कोणी घेतलं. आणि त्या दिवशी आई पूर्ण चेहरा वळवून तिच्याकडे पाहील, थोरल्याच्या फोटोकडे पाहते तशी. एकदा पाहिलं तरी चालणार होतं. पन्नाशी उलटलेल्या बाईने असल्या गोष्टीची वाट बघायची नसते हे तिला कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

कानाच्या दुकानातली बाई हळुवार होती. तिने आईच्या कानात तो छोटासा तुकडा बसवला, काही बटणं दाबली आणि वाकून विचारलं, "आजी, येतंय ऐकू?"

आई दचकली. "ओरडतेस कशाला?"

बाई हसली. गादीवालाही हसला. धाकटी पुढे झाली. "आई, माझा आवाज येतोय?"

आईने मान तिरकी करून तो आवाज जरा चाखून बघितला.

"तुझा आवाज असा झाला होय?" ती म्हणाली. "भांडं घासल्यासारखा."

मग ती दुकानातल्या बाईकडे वळली. नव्याने ऐकू येणाऱ्या माणसाला नव्याने बोलावंसंही वाटतं. "माझ्या मुलाने घेतलंय हो हे. परदेशात असतो. मला म्हणाला, पैशाकडे बघू नकोस."

"वा. आणि या कोण?"

"ही होय? ही राहते माझ्याकडे."

घर धाकटीचं होतं. भाडं गादीवाला भरत होता. आई तिथे राहायला आली तेव्हा बरोबर एक ट्रंक आणि ती खुर्ची होती. दुकानातल्या बाईने पट्टा बांधलेल्या हाताकडे पाहिलं, जो त्याच वेळी पैसे मोजत होता, मग आजीकडे पाहिलं, आणि पावती फाडली. तिचा धंदा कानाचा होता.

घरी आल्यावर आईने सगळ्या घराचे कान पिळले. नळ गळतो आणि कोणी बघत नाही. धाकटी चालताना पाय घासते. जावई जेवताना मचमच आवाज करतो, एवढी वर्षं बहिरी होते म्हणून निभावलं. खाली दुकानात गादीवाला लाकडी चौकटीवर कापड ताणून चुका ठोकायला लागला की वरून हाक यायची.

"जावईबापू, माझ्या डोक्यात ठोकताय का खिळे?"

"अजून तरी सोफ्यातच, आई."

"अजून म्हणजे?"

"म्हणजे चालूच आहे काम."

शेजारीण मशीन बघायला आली तेव्हा आईने ते कानातून काढून तिच्या तळहातावर ठेवलं. "एका पाकिटात काम केलं त्याने. एवढ्या लांब बसून. इथे दोघं रोज डोळ्यांसमोर आहेत, पण कोणाला सुचलं का?"

शेजारणीने धाकटीकडे बघायचं टाळलं. आईने मशीन पुन्हा कानात घातलं. धाकटी खोळीची शिवण उसवत होती. कापड जाड होतं, सुई तिसऱ्यांदा मोडली होती.

"ऐकून घेतेस कशी?" गादीवाल्याने तिला खाली आल्यावर विचारलं.

"वयस्कर आहे ती."

"वयस्कर मीही होणार आहे. मला आत्तापासून ठरवू दे, असं बोलता येतं का ते." मग खणातून पाकीट काढून त्याने तिच्यासमोर धरलं. "या मेलेल्यांचं काय करू?"

"ठेवा कुठेतरी."

त्याने पाकीट फोमच्या कात्रणांच्या पोत्यात टाकलं.

हे असंच चाललं असतं. पण दोन-चार दिवसांनी आईला हिशोब सुचला. ऐकू यायला लागलं तसं तिचं डोकंही जोरात चालायला लागलं होतं.

"उरले किती?" तिने विचारलं.

धाकटीने याचा विचारच केला नव्हता. एवढी समजूतदार बाई, पण नवऱ्याला विचारून एक आकडा ठरवून ठेवावा हे तिच्या डोक्यात आलं नाही. "काही उरलं नाही, आई. मशीन महाग होतं."

"एवढ्या जाड पाकिटातलं काहीच नाही?"

"नाही."

आईने खुर्चीची सीट चाचपली, जणू काही तिथे अजून थोडं सापडेल. "जावईबापूंना विचारलंस का? त्यांनीच उसवली होती ना खुर्ची."

जिन्यात गादीवाल्याची पावलं थांबली. वर येत होता तो, तिथूनच परत गेला. थोड्या वेळाने खाली हातोड्याचे घाव पडायला लागले आणि या वेळी आईने हाक मारली नाही.

"आई, असं नको ना बोलूस."

"मी कुठे काय बोलले? त्यालाच विचारते रविवारी. देणाऱ्याला माहीत असतं किती दिले ते."

रविवारी थोरल्याचा फोन यायचा. आईला ऐकू येत नव्हतं तेव्हा फोनचा आवाज मोठा करून, स्पीकर लावून तो टेबलावर ठेवायची सवय होती, आणि तो तसाच ठेवला गेला. धाकटी शिलाई मशीनपाशी बसली होती. गादीवाल्याला तिने मुद्दाम वर बोलावून घेतलं होतं, कारण त्याच्या पाठीमागे त्याच्याबद्दल काही बोललं गेलं तर ते तिला सोसलं नसतं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, अंगावर फोमचा भुगा.

"आई, कशी आहेस?" टेबलावरून आवाज आला.

"मस्त. सगळं ऐकू येतंय मला. तुझ्या मागे कोणीतरी भांडी आपटतंय तेही."

"म्हणजे? मशीन घेतलंस?"

"घेतलं की. चांगलं घेतलं. तू म्हणाला होतास ना, पैशाकडे बघू नकोस. पण मला एक सांग, पाकिटात तू नेमके दिले किती होतेस? ही म्हणते मशीनमध्येच सगळे संपले."



"कुठले पैसे?" थोरला म्हणाला.

"तुझे रे. खुर्चीतले. नोटा."

"त्या नोटांतून मशीन घेतलं?"

"मग कशातून?"

"घेतल्या त्या तिथे?" थोरल्याच्या आवाजात निव्वळ नवल होतं. आणि मग तो हसला. मनापासून हसला, लहानपणी एखादी खोडी पचली की हसायचा तसा. "कमाल आहे. इथे तर त्यांना कुत्रं विचारत नाही. कधीच्या बंद झाल्यात. मी म्हटलं बघू, तिकडे कोणाला काय कळतंय, चालल्या तर चालल्या. बरं झालं. माझ्याकडे अजून पडल्यात खणात. कोणी तिकडे येणार असेल तर पाठवून देतो."

गादीवाल्याने चौकटीवरचा खांदा काढला आणि तो सरळ उभा राहिला. धाकटीने डोळ्यांनीच त्याला थांब म्हटलं.

आई फोनकडे बघत होती.

"पाठव," ती म्हणाली. "जेवलास का?"

तो जेवला होता. काय जेवला ते त्याने सांगितलं. गुडघा दुखतो म्हणाला, तिने तेल सांगितलं. थंडी आहे म्हणाला, तिने कानटोपी सांगितली. नेहमीएवढाच वेळ बोलणं चाललं. मग फोन बंद झाला आणि खोलीत नळाचे थेंब ऐकू येऊ लागले, या वेळी सगळ्यांनाच.

आईने कानातलं मशीन काढलं. तळहातावर घेऊन बोटाने उलटं केलं, सुलटं केलं.

"तो आला होता तेव्हाही बंद होत्या?" तिने विचारलं. मशीन हातात असल्यामुळे तिचा आवाज पुन्हा मोठा झाला होता.

धाकटीने मान डोलावली.

"गल्ल्यावर असतो तो," आई म्हणाली.



"मग हे?" तिने तळहात पुढे केला.

"माझे होते," धाकटी म्हणाली. मग आईला ऐकू गेलं नसेल म्हणून तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"शिलाई मशीनसाठी ठेवलेले," गादीवाला दारातून म्हणाला, मुद्दाम मोठ्याने. "तिच्या मनगटासाठी. आणि मी त्यातला एक पैसा घेतला नाही, आई, खुर्ची उसवण्याची मजुरीसुद्धा नाही."

"तुम्ही थांबा जरा, जावईबापू."

धाकटीने कात्री खाली ठेवली. पट्ट्याचा सुटलेला बंद नीट केला. कपाळावरचे केस मागे सारले. हे सगळं आपण का करतोय ते तिला कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती, पण हात थांबले नाहीत. फोटो काढायच्या आधी माणूस सावरून बसतो तशी ती सावरून बसली. आत कुठेतरी तापाने फणफणलेली एक मुलगी अंथरुणात उठून बसली होती आणि दाराकडे बघत होती.

आईने मशीन पुन्हा कानात घातलं. नीट बसवलं, वेळ घेऊन. मग तिने खुर्ची फिरवली आणि पूर्ण चेहरा वळवून मुलीकडे पाहिलं. असं तिने याआधी कधी पाहिलं असेल तर धाकटीला आठवत नव्हतं. डोळे कोरडे होते. राग नव्हता त्यांत. वैद्य एखाद्याची नाडी बघून झाल्यावर हात खाली ठेवतो, तसं काहीसं होतं.

"तुला वाटत असेल, आता मी काहीतरी बोलेन," आई म्हणाली.

"नाही, आई."

"वाटतंय तुला. लहानपणीही तुझं तोंड असंच व्हायचं. खाऊ वाटून झाला तरी तू तशीच बसून राहायचीस."

"आई, राहू दे," गादीवाला म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला होता. "नोटांचं कळलं ना, बास झालं. राहू दे."

"नाही, आता ऐकू येतंय तर बोलूनच टाकते." आईने गुडघ्यावरचं लुगडं सारखं केलं. "तू माझं सगळं केलंस. कोणी करत नाही एवढं केलंस. आणि तो लबाड आहे. आजचा नाही, लहानपणापासून. मला काय कळत नाही? मी जन्म दिलाय त्याला. मी मनाला किती वेळा सांगितलं असेल, की अगं, ही बघ, ही आहे तुझी. देवाशप्पथ सांगितलं. नाही होत, बाई. माझा जीव त्याच्यात आहे. तुझ्यात नाही, कधीच नव्हता. दार वाजलं की मला वाटतं तो आला. आणि येतेस तू. रोज आपली तूच येतेस."